जागच्या जागी धावणारा रस्ता

मराठीत पळणे आणि धावणे असे दोन शब्द आहेत, पण त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. चोर पळतो, हरलेले सैन्य पळते, शाळा बुडवणारा पोरगा पळतो. भित्र्या माणसाला तर आपण पळपुटाच म्हणतो. धावण्याचे तसे नाही. संकटात शेजारी धावून येतो, हंबरणारी गाय वासराकडे धावते, आणि भक्ताने धावा केला की प्रत्यक्ष देवही धावतो. पळणारा कशापासून तरी दूर जातो, धावणारा कुणाकडे तरी जातो. आताशा मात्र आपल्या घरांत अशी एक वस्तू आली आहे की तिच्यावर चढलेला माणूस कशापासून दूरही जात नाही आणि कशाजवळ पोचतही नाही. अर्धा तास घाम गाळून तो जिथल्या तिथेच असतो. तिचे नाव ट्रेडमिल. दिवाळीचा फराळ संपला की तिची आठवण घरोघर निघणारच आहे. तेव्हा तिची कुळकथा आजच सांगून टाकावी हे बरे.

धंतोलीतल्या आमच्या घरात ही वस्तू गेल्या वर्षी आली आणि तिच्यासोबत एक वादही आला. धावायचे तर मोकळ्या रस्त्यावर, असे म्हणणारा एक पक्ष. नागपूरच्या उन्हात यंत्रावाचून गत्यंतर नाही, असे म्हणणारा दुसरा. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दोन पक्ष भांडू लागले की जुनी कागदपत्रे काढून बसायची मास्तरांना खोडच असते. त्या खोडीतून हाती लागलेली ही हकीकत आहे.

आपल्याकडे या यंत्राचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे तेल्याचा घाणा. डोळ्यांना झापड बांधलेला बैल दिवसभर गोल फिरतो, कोसच्या कोस चालतो, आणि संध्याकाळी पाहावे तर सकाळच्याच खुंट्यापाशी उभा असतो. म्हणून तर रोजच्या रामरगाड्यात अडकलेल्या माणसाला आपण घाण्याचा बैल म्हणतो. तरी बैलाच्या चालण्यातून तेल निघत होते. प्राचीन रोमनांनी हीच युक्ती माणसांवर केली. मोठ्या पोकळ चाकाच्या आत माणसे चालवायची आणि त्या फिरणाऱ्या चाकाच्या बळावर जड दगड उंच चढवायचे, अशी त्यांची यारी होती. रोममधल्या हातेरी घराण्याच्या समाधीवरील शिल्पात ती कोरलेली आजही दिसते. पुढे मध्ययुगात युरोपातली उंच उंच प्रार्थनामंदिरे अशाच चाकांच्या आधाराने उभी राहिली.

इथवर हे चाक कष्टाचे होते, पण उपयोगाचे होते. त्याला शिक्षेचे रूप दिले ते इंग्रजांनी. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनियरने सफक परगण्यातल्या तुरुंगासाठी एक लांबलचक पिंप तयार केले. त्याच्या बाहेरच्या अंगाला पायऱ्या होत्या. कैद्यांनी एका ओळीत उभे राहून वरचा दांडा धरायचा आणि पायरीवर पाय टाकायचा. वजनाने पायरी खाली जाई, की लगेच पुढचीवर पाय. जिना संपत नसे आणि माडीही येत नसे. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात हे चाक बसले आणि त्याचा बोलबाला झाला. १८२२ साली ते न्यूयॉर्कलाही पोचले. या चाकावर धान्य दळले जाई, म्हणून त्याच्या नावात मिल, म्हणजे चक्की, आली. ट्रेड म्हणजे पाऊल टाकणे. तेव्हा आपण त्याला सरळ पायचक्की म्हणू. पुष्कळ तुरुंगांत तर या पायचक्कीला दळण्यासारखे काहीच जोडलेले नसे; कैदी वारा दळत असत!

न्यूयॉर्कच्या तुरुंगातला जेम्स हार्डी नावाचा एक अधिकारी होता. त्याने १८२४ साली या चाकावर पुस्तक लिहिले आणि एक मर्माची गोष्ट नोंदवली. कैद्यांना या चाकाची धास्ती वाटे ती श्रमापेक्षा त्याच्या एकसुरीपणाची. तीच पायरी, तोच दांडा, समोर तीच भिंत. विख्यात नाटककार ऑस्कर वाइल्ड याला १८९५ साली सक्तमजुरी झाली तेव्हा लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात तोही या चाकावर चढला. शेवटी इंग्लंडच्या १८९८ च्या तुरुंग-कायद्याने या शिक्षेला ओहोटी लागली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती बंद पडली.

आपल्या देशात या प्रकाराचे नाव वेगळे होते, जात तीच. ‘चक्की पिसायला पाठवीन’ ही धमकी आपल्या बोलीत तुरुंगातूनच आली. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांना बैलाच्या जागी कोलूला जुंपत आणि दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावत. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधून ते वर्णन मराठी घरांत पोचले आहे. तेव्हा जागच्या जागी चालण्याकडे आपल्या जुन्या पिढीने संशयाने पाहिले असेल, तर तो तिचा हट्ट म्हणता येत नाही. त्यामागे आठवण आहे.

आता या कथेचे दुसरे पान उलटू. तुरुंगात बदनाम होत असलेले हे यंत्र त्याच सुमारास शास्त्रज्ञांच्या हाती पडले. १८८९ च्या सुमारास बर्लिनमध्ये नाथन त्सुंट्स या शरीरशास्त्रज्ञाने एक सरकता पट्टा बांधून घेतला. चालताना घोडा किंवा माणूस किती प्राणवायू खर्च करतो, हे त्याला मोजायचे होते. रस्त्यावर धावणाऱ्याच्या तोंडाला नळी लावून मागे पळत कोण जाणार? रस्ताच पळवला, तर माणूस एका जागी राहतो आणि त्याचे मोजमाप घेता येते. या साध्या विचारातून पुढे एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेत सिएटल येथील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली हृदयाच्या तपासणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. रोग्याला पट्ट्यावर चालवायचे, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा आणि हृदयाचा आलेख काढत राहायचे. स्वस्थ पडलेल्या माणसाचे हृदय जे लपवते, ते चालत्या माणसाचे हृदय बोलून दाखवते. ही पद्धत ब्रूस यांच्याच नावाने जगभर चालते. आमच्या धंतोलीत आणि शेजारच्या रामदासपेठेत पावलागणिक दवाखाने आहेत; तिथे ‘स्ट्रेस टेस्ट’ करून आलेली माणसे मी रोज पाहतो. ज्या चाकाने कैद्यांचे प्राण कंठाशी आणले, त्याचाच वंशज आता प्राण वाचवतो आहे.

तिथून ते घरात कसे आले, ती हकीकत लहानशी आहे. अमेरिकन वायुदलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ साली निघाले. हृदय आणि फुप्फुसे सुदृढ ठेवायची असतील तर नियमाने धावा, पोहा, सायकल चालवा, असा त्याचा सांगावा होता. न्यू जर्सीच्या विल्यम स्टॉब या इंजिनियरने ते वाचले आणि त्याच्या मनात आले की सामान्य माणसाला परवडेल असा पट्टा कुणीच विकत नाही. त्याने रूळ बसवून एक यंत्र तयार केले आणि कूपरना दाखवले. ‘पेसमास्टर ६००’ हे त्याचे नाव. स्टॉब २०१२ साली वयाच्या ९६ व्या वर्षी वारला. आपल्या घरातली ट्रेडमिल ही त्याच्या यंत्राची नातवंडे-पतवंडे.

यंत्राची बाजू झाली. रस्त्याची बाजूही तितकीच जुनी आणि आपल्या अधिक जवळची आहे. मराठेशाहीत पत्रे नेत ती जासुदांच्या पायांवर. नागपूरकर भोसल्यांचा अंमल पूर्वेला थेट कटकापर्यंत होता; तेवढ्या मुलखाची खबरबात रानावनांतून धावत येई. पुढे इंग्रजी अमलात डाकेचे हरकारे घुंगरू बांधलेला भाला घेऊन टप्प्याटप्प्याने धावू लागले. पण हे सारे पोटासाठी धावणे होते. प्रतिष्ठित व्यायाम म्हणजे तालमीतला: जोर, बैठका, मल्लखांब, सूर्यनमस्कार. आणि मौज अशी की, हा सगळाच व्यायाम जागच्या जागी करण्याचा! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. हात-दोन हात जागेत शरीर घडवण्याची विद्या वैदर्भीयांना कुणी शिकवायला नको.

रस्त्यावरच्या धावण्याला मान मिळाला तो पुण्यात. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यापाड्यांतली अनवाणी मुले लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावली. त्यांची धाव पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा थक्क झाले आणि यांना ऑलिंपिकला पाठवायचेच, असे त्यांनी मनावर घेतले. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला सहा जणांचे पथक गेले. त्यातला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये धावला. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षा थोडे अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुल्याने ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केले आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्या काळी कुठल्या पट्ट्यावर त्याने सराव केला असेल? त्याच्यापाशी होता तो रस्ता.

स्त्रियांना मात्र हा रस्ता फार उशिरा मिळाला. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. ती संपल्यावर काही जणी दमून बसल्या, एवढ्यावरून पुरुष मंडळींनी हाकाटी केली आणि १९६० पर्यंत ती शर्यतच बंद राहिली. पुरुष काय दमत नव्हते? स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली. म्हणून नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ साली रिओच्या मॅरेथॉनमध्ये धावली, किंवा साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर त्याच ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत उतरली, तेव्हा मला त्यांच्या क्रमांकापेक्षा त्यांच्या पायांखालच्या जागेचे अप्रूप अधिक वाटले.

हे सगळे आठवण्याचे कारण आमची थोरली सून. वय चाळिशीचे, रक्तातली साखर काठावर आलेली. डॉक्टरांनी सांगितले, आठवड्यातून दीडशे मिनिटे तरी झपाझप चाला, जमेल तसे धावा. जागतिक आरोग्य संघटनेचा सांगावाही तोच आहे. घरातली पुरुष मंडळी रस्त्याचे गुण गाऊ लागली. पहाटेची अंबाझरी, फुटाळ्याचा काठ, सिव्हिल लाइन्सची झाडे, सेमिनरी हिल्सचा चढ! ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “बाबा, रस्ता चांगलाच आहे. पण साडेपाचला मी फुटाळ्यावर असले, तर साडेसहाचे डबे कोण भरील?”

या प्रश्नाला कुणाकडेही उत्तर नव्हते. यंत्र आले ते या प्रश्नामुळे. उन्हाचे निमित्त नंतरचे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती पट्ट्यावर चालू लागली. तुरुंगात ज्याने माणसाला बांधून घातले, त्याने तिला घरात अर्धा तास मोकळा करून दिला. आमच्या आजीला जाते होते, आईला उखळ होते. त्या दोघीही आयुष्यभर जागच्या जागी मैलोगणती चालल्या. फरक इतकाच की हे यंत्र तिने स्वतः मागितले आणि त्यावरून हवे तेव्हा उतरण्याची मुखत्यारी तिच्याकडे आहे. पण म्हणून तिला रस्ता नकोच आहे, असे आम्ही समजून चाललो असतो, तर तो मात्र अन्याय झाला असता. पुढे घरात ठरले: आठवड्यातले दोन दिवस डबे मुलगा भरील. पहिल्या आठवड्यातल्या पोळ्यांचे नकाशे नातवंडांनी शाळेत दाखवले म्हणतात. असो. आता ती दोन दिवस यंत्रावर, दोन दिवस रस्त्यावर असते.

नव्याने धावू पाहणाऱ्यांसाठी या वादातून जे शहाणपण हाती आले, ते सांगतो. आरंभ चालण्याने करावा. चालण्याला कमी लेखू नये; पवनारचे विनोबा १९५१ साली पायी निघाले ते वर्षानुवर्षे चालतच राहिले. मग दोन मिनिटे चालणे, एक मिनिट हलके धावणे, असा ताल धरावा. धावताना सोबतच्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटू लागले, की वेग जास्त झाला असे समजावे. या कामी यंत्र चांगला गुरू आहे. रस्त्यावर नवशिक्या उत्साहाने सुसाट सुटतो आणि चौकात फतकल मारतो; पट्ट्यावर वेग बांधलेला असतो, तो फसवू देत नाही. पुढचा दांडा मात्र गच्च धरू नये. तो धरला की शरीराचा भार हातांवर जातो आणि पायांचे श्रम कमी होतात.

रस्त्यावर समोरची हवा कापावी लागते, यंत्रावर हवा थबकलेली असते. म्हणून यंत्राला शेकडा एक चढ द्यावा, असे इंग्लंडमधल्या १९९६ सालच्या एका अभ्यासात ठरले. पण तो हिशेब ताशी दहा किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्यांचा. नवशिक्याने त्याची चिंता करू नये, त्यापेक्षा जवळ पंखा लावावा. वारा नसेल तर घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही.

यंत्र जे शिकवत नाही, ते रस्ता शिकवतो. खाचखळग्यांनी घोटे तयार होतात, वळणांनी तोल येतो. सेमिनरी हिल्सचा उतार मांड्यांना जे सांगतो, ते सपाट पट्टा कधीच सांगत नाही. म्हणून पहिल्यांदा उतरून आल्यावर दोन दिवस जिना चढताना देव आठवतो. आपला वेग आपणच ओळखण्याची विद्याही रस्त्यावरच येते.

आणि नागपूरचे हवामान हा तर तिसरा पंच आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला. एवढ्या टोकांमध्ये एकच नियम वर्षभर चालायचा नाही. कोजागिरीपासून होळीपर्यंत रस्ता मुख्य ठेवावा, यंत्र आडवेळेला. होळी झाली की पारडे फिरवावे. मे महिन्यात साडेपाचला उजाडते. त्याआधीच पाय मोकळे करून घ्यावेत किंवा यंत्रावर चढावे. मात्र दोन महिने थंड खोलीत धावून एकदम वैशाखाच्या रस्त्यावर उतरू नये. उकाड्याला सरावण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस थोडेथोडे बाहेर जावे. पावसाळ्यात निसरडे आणि अंधार पाहून ठरवावे. ज्यांना छातीत दुखते, चक्कर येते किंवा हृदयाचा जुना आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घरात लहान मुले असतील तर यंत्राची किल्ली काढून ठेवावी. सरकत्या पट्ट्यात चिमुकली बोटे सापडतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण सारे मिळून आकाशात धूर भरतो. दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या पहाटे तो धूर रस्त्यावर रेंगाळत असतो. ती सकाळ यंत्राची समजावी. भाऊबीजेपासून हवा निवळेल तसा रस्ता धरावा. आणि पाडव्याला घरची लक्ष्मी ओवाळील तेव्हा तबकात साडीबरोबर आणखी एक वस्तू घालावी. ती बाजारात मिळत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. आठवड्यातल्या दोन सकाळी, प्रत्येकी एक तास. त्या तासात तिने कुठे धावायचे, ते तिचे तिला ठरवू द्यावे.